कोर्टाला दिलेला एक एकर

प्रेमराजने गाडी पाठवली तेव्हाच कोकिळेने ओळखायला हवं होतं. अकरा वर्षांत आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्याला एकदाही बहीण आठवली नव्हती. तिचा नवरा वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झाला तेव्हा आठवली नाही, त्याचं अर्धं अंग लुळं पडलं तेव्हाही आठवली नाही. आणि या वर्षी तीन फोन, चौथ्याला थेट दारात गाडी. लोटन ड्रायव्हर, थंड पाण्याची बाटली, मागच्या सीटवर उशी! तिने काहीच ओळखलं नाही असंही नाही. पण बासष्टाव्या वर्षीसुद्धा माहेरची गाडी दारात उभी राहिली की बाई आधी पिशवी भरते आणि मग विचार करते. या एका गोष्टीचा आमच्या खान्देशात किती भावांनी फायदा घेतला, ते विचारायची सोय नाही. विचारलं तर निम्म्या घरांतली आखाजी कडू होईल.

नेरखेड्याला पोचेपर्यंत अकरा वाजले. बसस्टँडमागचं दुमजली घर, खाली माजी सभापती प्रेमराज हिलाल पाटील यांचं ऑफिस, वर संसार. वरच्या हॉलमध्ये हिलाल आबांची घागर मांडली होती. मातीची नवी घागर, तिच्यावर लोटकं म्हणजे छोटं मडकं, त्यावर खरबूज, पुढे आंबे आणि सांजोऱ्या. गेलेल्या माणसाच्या नावाने आखाजीला घागर भरायची, ही आमच्याकडची रीत. घागरीपुढे कुणी खोटं बोलत नाही, असं आपलं सगळे समजतात.

"ये कोकिळे, पहिले आबास्ना पाया पड," प्रेमराज म्हणाला. आवाजात इतका लोण्याचा गोळा की कोकिळेला क्षणभर बरंच वाटलं. वहिनी रत्नाने नारळ आणि मोरपंखी साडी तिच्या ओटीत घातली. धाकटा ज्ञानेश्वर जळगावहून आला होता. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त, बोलणं शहरी. "अक्का, बारीक झालीस गं," म्हणाला. माय भिकुबाई खुर्चीत बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, कान शाबूत, नजर कमी. तिने लेकीचा हात धरला तो सोडलाच नाही.

कोकिळा घागरीपुढे वाकली आणि उठते न उठते तोच प्रेमराजने समोर फाइल धरली.

"आबास्नी इच्छा तुले म्हाइत शे ना? गावमां कोर्ट ऱ्हावाले पाहिजे. चाळीस वरीस पहिले गावसभामां उभा राहीसन आबास्नी सांगं, कोर्टले जागा मी देस. तधय सरकारकडे पैसा नव्हता. आते उना. बिल्डिंग मंजूर व्हयनी. फक्त जागाना कागद शुक्रवारपावत जावाले पाहिजे, नहीते तो पैसा दुसरा तालुकाले जाई, आन आपला गावनं कोर्ट जाई भडगावले. उद्या एक मे, सुट्टी. म्हनीसन आजच तुनी सही पाहिजे. आबास्नी घागरसमोर."

"मनी सही?" कोकिळा म्हणाली. "मनी कसाले?"

"नावपुरती. सरकारी काम शे, बठ्ठास्नी सही लागस."

तिने पेन हातात घेतलं. आबांनी सगळ्या गावापुढे दिलेला शब्द खाली पडू नये, असं तिला मनापासून वाटत होतं. चष्मा पिशवीत राहिला होता. प्रेमराजने पान उलटून बोटाने जागा दाखवली आणि तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या. किरण आली.

किरण ज्ञानेश्वरची मुलगी. बाप जळगावला राहिला आणि ही सहा वर्षांपासून मुद्दाम नेरखेड्याच्या कोर्टात वकिली करायला आली. कोर्ट म्हणजे काय, तर जिनिंगच्या जुन्या मालकाचं भाड्याने घेतलेलं कापसाचं गोदाम. न्यायाधीशांच्या खुर्चीवर पंखा आहे, साक्षीदारावर पत्रा. पावसाळ्यात फायलींवर खताच्या पिशव्या कापून पांघरायच्या. पक्षकारांना बसायला बाहेरचा लिंब. बायकांसाठी संडास नाही, मुतारी नाही, काही नाही. चार वर्षांपूर्वी श्रावणात पोटगीच्या तारखेला आलेली कामिनी नावाची पोर, आठवा महिना भरलेला, सकाळी अकरा ते संध्याकाळी पाच त्या लिंबाखाली घोटभर पाणी न पिता बसली होती. का, तर पाणी प्यायलं की बसस्टँडपर्यंत चालत जावं लागेल आणि तेवढ्यात पुकारा झाला तर दावा निकाली निघेल. पाच वाजता ती चक्कर येऊन पडली. किरणने तिला उचललं आणि त्या दिवसापासून तिने या इमारतीचा ध्यास घेतला. जिल्ह्याच्या कचेऱ्यांमध्ये किती हेलपाटे घातले, किती अर्ज लिहिले, किती साहेबांच्या दारात उभी राहिली. पैसा मंजूर झाल्याचं पत्र आलं तेव्हा ती स्कूटरवर बसून रडली होती.

वारसांचं प्रतिज्ञापत्र करताना तिनेच विचारलं होतं, "यात आत्याचं नाव कुठे आहे?" प्रेमराज म्हणाला होता, "ते मी पाहस. आखाजीले तिले बोलावस." तिला वाटलं, मोठे पप्पा आत्याला आता सन्मानाने बोलावणार. ती त्यांच्यावर खूश झाली होती.

"झाली का सही?" तिने आल्या आल्या विचारलं आणि आत्यापुढचा कागद सहज घेतला. वकिलाला कागद पुढून वाचायची सवय नसते. तो आधी शेवटचं पान काढतो, मिळकतीचं वर्णन बघतो आणि मग पहिल्या पानावरच्या गोड भाषेकडे येतो. किरणने शेवटचं पान काढलं. ते तिने दोनदा वाचलं.

"मोठे पप्पा, हे काय आहे?"

"काय?"

"कोर्टाला एक एकर द्यायचाय. इथे गट नंबर दोनशे बारा पूर्ण, दोनशे चौदा पूर्ण, वर हे राहतं घर. हे संमतीपत्र नाही, हे सगळ्याचं हक्कसोडपत्र आहे!"

"मंग? एकच डाव व्हई जाय. घडी घडी तिले वरणगावथीन कोन आनी?"

"एक एकर फक्त पहिल्या पानावर आहे."

"तू मनी पोरगीना वयनी शे," प्रेमराजचं लोणी आता वितळत होतं. "माले कायदा नको शिकाडू. बठ्ठा बहिनी सही करतस. तुनी आत्या काय आभाळमाईन पडनी?"

किरणने वडिलांकडे पाहिलं. "पप्पा, तुम्ही वाचला होता हा कागद?"

ज्ञानेश्वरने चष्मा काढला आणि पुसायला घेतला. त्याने वाचला होता. आठवड्यापूर्वीच जळगावच्या घरी, चहा पिता पिता. लबाडी त्याला लगेच कळली होती, खोटं कशाला सांगा. दर आठ मार्चला शाळेत समानतेवर भाषण करणारा माणूस तो, पोरींना सांगायचा, आपला हक्क मागायला लाजू नका. पण प्रेमराजने नकाशा काढून दाखवला होता: कोर्टाच्या दारासमोर राहिलेल्या जमिनीवर बारा गाळे. स्टॅम्पवाले, टायपिंगवाले, झेरॉक्स, वकिलांची टेबलं, चहाचं हॉटेल. "दोन तुना," म्हणाला होता. कोर्टासाठी जमीन देणारे हिलाल आबांचे दानशूर चिरंजीव, आणि कोर्टाने भाव चढलेली उरलेली सगळी जमीन चिरंजिवांची. ज्ञानेश्वरने चहा संपवला होता आणि "बघू" म्हणाला होता. आमच्या घराण्यात "बघू" म्हणजे होकार.

"वाचला होता का, पप्पा?"

"वरवर," तो म्हणाला.

कोकिळा हे सगळं ऐकत उभी होती. पेन अजून हातातच होतं. तिने किरणला विचारलं, "सातबारावर मनं नाव शे ना?"

रत्ना वहिनी स्वयंपाकघरात गेली.

"नाही आत्या," किरण म्हणाली. "आजोबा गेले तेव्हाच्या वारस नोंदीत फक्त पप्पा आणि मोठे पप्पा आहेत. आजीचंसुद्धा नाही. मला वाटलं तुला माहीत असेल."

तिला माहीत नव्हतं. सव्वीस वर्षं तिने विचारलं नव्हतं. विचारलं की माहेर तुटतं, हे तिला कुणी सांगावं लागलं नव्हतं. सोबतच्या कितीतरी जणींचं तुटलेलं तिने पाहिलं होतं. नाव असेलच, असं मनाशी धरून ती गप्प राहिली, आणि गप्प राहून वाचवलेल्या माहेराने तिला अकरा वर्षं फोन केला नाही! तिच्या अंगाची लाही झाली.

"मनं नाव नही," ती प्रेमराजला म्हणाली, "मी वारस नही, ते मंग मनी सही कसाले पाहिजे? आन मनी सही लागस, ते मंग मी वारस शे. दोनमाईन एक सांग, दादा. दोन्ही कसं चाली?"

"कोकिळे, सनना दिन शे, भांडन नको."

"सन तूच नासाडा."

"तुनी सही नही व्हयनी ते कोर्ट जाई. बठ्ठा तालुका तुले नाव ठेवी. हिलाल आबानी आंडेरनी बापना शबद मातीमां घाला, आसं म्हनतीन लोके. चाली तुले?"

तो चांगला वार होता, आणि प्रेमराजला ते माहीत होतं. वीस वर्षं राजकारण केलेल्या माणसाला कुणाचं काय दुखतं एवढं तरी कळतंच. कोकिळा खाली बसली.

किरणने तिला दंडाला धरून मागच्या गच्चीवर नेलं. ऊन रणरणत होतं.

"आत्या, ऐक. तो कागद मी फाडते. नवा करते, फक्त एका एकराचा, संमतीचा. त्यावर तू आज सही कर. बाकी जमिनीसाठी आपण नंतर दावा टाकू, मी स्वतः लढेन, एक रुपया घेणार नाही."

"नंतर म्हणजे कधी लागेल निकाल?"

किरणला खोटं सांगता येत होतं. "दहा वर्षं. बारासुद्धा."

"मी बासष्टची आहे," कोकिळा म्हणाली. किरणशी ती शहरी बोलायची. "आणि त्या एका एकराच्या कागदात मला काय म्हणून लिहिशील?"

"संमती देणार म्हणून."

"मालक म्हणून नाही."

"आत्या, तेवढा वेळ नाहीये! शुक्रवार गेला तर सगळं गेलं. तुला माहितीये त्या गोदामात बायकांचे काय हाल होतात? मी चार वर्षं..."

"म्हणजे त्या बायकांना न्याय मिळावा म्हणून मी माझा सोडू."

किरणचा चेहरा तापला होता आणि तो उन्हाने नव्हे. मोठ्या पप्पांचा कागद लबाडीचा होता, तिचा सरळ होता, पण दोन्ही कागद एकाच घाईत आत्याच्या हाताखाली सरकवलेले होते.

"तू बी त्यास्नीच पोर," कोकिळा हळूच म्हणाली. त्या बोलण्यात राग नव्हता, म्हणून किरणला ते जास्त लागलं.

हॉलमध्ये परत आल्यावर कोकिळा बसली नाही. उभ्यानेच बोलली. "मी एक एकर देस. हासीखुशी देस. आबास्ना शबद मी खाले पडू देवाव नही. पन मालकीन म्हनीसन देसू. देवाना पहिले ते मनं पाहिजे ना? कागदवर लिखा, हिलाल पाटीलले तीन लेकरे शेतस. बठ्ठामां मना हिस्सा शे, मायना शे. तुम्ही दोन्ही भाऊ सही करा. मंग मी करस."

"बठ्ठामां?" प्रेमराज उसळला. "घरमां बी?"

"घर आबास्नी बांधं. तू वर स्लॅब टाका फक्त."

"चाळीस वरीस मी राबनू त्या वावरमां! मायनं दुखनं-खुपनं कोन करं? तू वरणगावले बसीसन आते वाटा मांगस?"

"मनं लगीन तुम्हीच करं, दादा. मी पळी नही गयी. मनं नाव तुम्ही कसाले लपाडं?"

"लपाडं काय म्हनस? कोनी लपाडं? आबा गयात तधय दहावाले तलाठी आठेच बसेल व्हता, आठे, याच घरमां! कोनी सांगं त्याले, दोनच वारस? मी नही सांगं. ज्ञानेश्वरनी नही सांगं. इचार मायले!"

हे तो बोलायला नको होता. बोलून झाल्यावर त्यालाही ते कळलं.

कोकिळेने मायकडे पाहिलं. भिकुबाई पदराचं टोक बोटांना गुंडाळत होती, सोडत होती. मग तिने सुरकुतलेलं तोंड वर केलं. "हाव," ती म्हणाली. "मी सांगं."

"काय सांगं, माय?"

"तलाठीनी इचारं, कितला लेकरे. मी सांगं, दोन आंडोर. आंडेर नही." दोन मुलगे, मुलगी नाही, एवढं सांगून ती थांबली नाही. "प्रेमराज म्हने, आंडेरनं नाव लागनं ते जवाई वावरमां नांगर घाली. मी भ्यायनी. आंडोरेसजवळ ऱ्हावानं व्हतं माले. म्हातारपन व्हतं समोर."

"मी कोठे व्हती त्या दिन?"

"आठेच व्हती," भिकुबाई म्हणाली. "घरमां. तलाठीले चहा तूच लई उनी व्हती."

कोकिळेला तो दिवस आठवला. खरोखर आठवला. बशीत सांडलेला चहा, तलाठ्याची कातडी पिशवी, तिने कप ठेवला तसं सगळ्यांचं अचानक गप्प होणं. तिला वाटलं होतं, दुःखाचं घर आहे म्हणून गप्प आहेत. बाप जाऊन दहा दिवस झालेले, तिचे डोळे सुजलेले, आणि ती चहा देऊन, रिकामा ट्रे घेऊन, तिला पुसून टाकणाऱ्या माणसाला "अजून देऊ का?" विचारून आत गेली होती.

ती रडली नाही. रडली असती तर बरं, असं ज्ञानेश्वरला वाटलं. रडणाऱ्या बहिणीला समजावता येतं.

किरणने पिशवीतून कोरे कागद काढले आणि जेवणाच्या टेबलावर बसली. लिहिताना मोठ्याने वाचत गेली. कै. हिलाल दगा पाटील यांना कायदेशीर वारस चार: पत्नी भिकुबाई, मुलगा प्रेमराज, मुलगी कोकिळा, मुलगा ज्ञानेश्वर. संपूर्ण मिळकतीत चौघांचा समान हिस्सा. पूर्वीची वारस नोंद चुकीची असून ती दुरुस्त करण्यास सर्वांची संमती. आणि गट नंबर दोनशे बारापैकी एक एकर हे चौघे मालक कोर्टाच्या इमारतीसाठी राजीखुशीने देत आहेत.

"मी नही करस सही," प्रेमराज म्हणाला.

"नका करू," किरण म्हणाली. "शुक्रवारी दहा वाजता मी आत्यातर्फे जागेवर हरकत दाखल करते. वारस लपवलेली जमीन कोर्टाला चालत नाही. निधी जाईल. माझी चार वर्षं जातील. त्या बायका आणखी वीस वर्षं लिंबाखाली बसतील आणि मी त्यांना सांगेन, का बसलात ते. नावानिशी सांगेन. भूमिपूजनाच्या पत्रिका छापून आल्यात ना तुमच्या? त्या वाटून टाका."

ती धमकी नव्हती. ती खरंच करणार होती, आणि सगळ्यांत जास्त तिचंच जाणार होतं, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळलं.

"शाईनी डबी आना," भिकुबाई म्हणाली. खालच्या ऑफिसातून डबी आणली. तिने अंगठा दाबला, उचलला, नीट उमटला नाही असं वाटून पुन्हा दाबला. ज्ञानेश्वर उठला. भावाकडे न पाहता टेबलाशी गेला. लेकीने पेन पुढे केलं नाही, त्याला स्वतःच उचलावं लागलं. सही करून तो म्हणाला, "मी वरवर नाही वाचला होता, किरण. पूर्ण वाचला होता." किरणने कागद प्रेमराजच्या बाजूला सरकवला.

प्रेमराज खिडकीशी उभा होता. पाहुण्या मंत्र्यांची तारीख मिळालेली, मांडव सांगितलेला, गावभर बॅनर लागलेले, त्यावर हात जोडलेला तो. बारा गाळे गेले तरी चालतील, पण बॅनर उतरवायचे कसे? त्याने हिशेब मनातल्या मनात तीनदा केला. मग येऊन सही केली, अशी दाबून की कागद फाटता फाटता राहिला.

"ले," तो कोकिळेला म्हणाला. "भेटना ना तुले वाटा? आते एक गोठ याद ठेव. आजपाईन तुले माहेर नही."

सव्वीस वर्षं ज्या वाक्याला ती भीत आली होती ते हेच. तिला वाटलं होतं, ते ऐकल्यावर आपण मोडून पडू. ती पेन घेऊन कागदावर वाकली.

"कधय व्हतं, दादा?" तिने विचारलं.

भिकुबाई खुर्चीतून अर्धी उठली, दोन्ही हात पुढे करून, शाईचा अंगठा तसाच. "आसं नको बोलू व माय. मी शे ना! मी जित्ती शे तोपावत तुनं माहेर कोन तोडी? मी शे ना वं!"

कोकिळेने सही पूर्ण केली. मान वर केली नाही.

"तू ते तधय बी व्हती, माय."